खाली या

शनिवारी दुपारी बारा वाजता भोंगा वाजला आणि वायनीमा इम्पसनला तो ऐकू आला नाही.

ती भाजीच्या दुकानात भेंडी निवडत होती. कोवळी बघून, टोक मोडून पाहून एकेक पिशवीत टाकत होती. शेजारी टोमॅटोपाशी उभ्या असलेल्या एका बाईने अचानक तिचं कोपर धरलं. बाई परगावची दिसत होती. नवी कोरी सँडल, चेहऱ्यावर अजून इथल्या वाऱ्याचा रापलेपणा चढला नव्हता. "हे काय वाजतंय?" तिने विचारलं. "काय?" वायनीमा म्हणाली. "अहो, हा आवाज! एवढा मोठा!" तेव्हा कुठे वायनीमाला तो ऐकू आला. घरातला पंखा फिरतोय हे कोणी सांगितल्यावर ऐकू यावा तसा. सगळ्या शहरावरून तो लांबलचक गळा काढत होता, दुकानाची काच त्याने बारीक थरथरत होती आणि दुकानातली सगळी माणसं कांदे बटाटे घेत होती. "तो होय! चाचणी असते. दर शनिवारी बाराला. टॉर्नेडो आला तर असाच वाजतो." "मग खरंच आला तर कळायचं कसं?" "खरा शनिवारी बाराला येत नाही," वायनीमा म्हणाली. हा विनोद ओक्लाहोमात जन्मलेलं प्रत्येक माणूस आयुष्यात शंभर वेळा करतं. बाई कशीबशी हसली आणि निघून गेली. वायनीमाने आणखी चार भेंड्या निवडल्या, गाडीत येऊन बसली, किल्ली लावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपले हात गार पडले आहेत. कारण शहरातल्या इतर कुणाला भोंगा ऐकू आला नसता तरी चाललं असतं. वायनीमाचं पोट त्या ऐकण्यावर चालत होतं.

शहराच्या मधोमध शहाण्णव मजल्यांचा मनोरा उभा राहत होता, आणि त्याच्यावर काम करणाऱ्या माणसांना वर ठेवायचं की खाली बोलवायचं हे ठरवणं वायनीमाकडे होतं. सुरक्षा प्रमुख असं तिच्या हेल्मेटवर लिहिलेलं होतं. पोरं मागून तिला भोंगाबाई म्हणत, आणि क्रेनवाला एमेट स्ट्रिंगफेलो तर तोंडावर म्हणे. एवढ्या सपाट मुलखात, जिथे वर्षातून दोन महिने आभाळ खाली टॉर्नेडोची सोंड सोडायला टपलेलं असतं, तिथे एवढं उंच काही बांधायचं म्हणजे वेडेपणा, असं अर्धं शहर म्हणत होतं. उरलेलं अर्धं म्हणत होतं, की किती दिवस जमिनीला चिकटून राहायचं? वायनीमा स्वतः दुसऱ्या अर्ध्यात होती. तिला हा मनोरा आवडायचा. सकाळी पुलावरून गाडी आणताना तो लांबून दिसला की तिला वाटे, कोणीतरी एकदा तरी मान वर करून उभं राहिलंय. मनोरा वादळाला पुरून उरेल याबद्दल तिला शंका नव्हती. तो बांधणारी माणसं उरतील की नाही, तेवढंच तिचं काम होतं. आणि ते काम मिनिटांचं होतं. हवामानवाले नेटाने नजर ठेवून असत, तरी भोंगा वाजल्यापासून सोंड येईपर्यंत दहा मिनिटं मिळत, फार तर पंधरा. जमिनीवरच्या माणसाला तेवढी पुरत. पण एकाहत्तराव्या मजल्यावर काँक्रीट ओतणाऱ्या टोळ्या बांधकामाच्या लिफ्टमधून खेपा करत खाली यायला अर्धा तास लागे. एमेटची केबिन तर त्याहूनही वर होती. तो आधी क्रेनचं तोंड वाऱ्याबरोबर फिरायला मोकळं सोडणार, मग उभ्या शिडीवरून एक दुखता गुडघा सांभाळत उतरणार, मग लिफ्ट. म्हणजे भोंगा वाजून उपयोग नव्हता. भोंगा वाजण्याच्या आधी, कुणालाच काही नक्की माहीत नसताना, आभाळ अजून हसत असताना वायनीमाने म्हणायचं, खाली या. आणि ती ते म्हणाली होती. एप्रिलमध्ये दोनदा. दोन्ही वेळा माणसं तळघरात पाऊण पाऊण तास बसली, पत्ते खेळली, आणि वर येऊन पाहतात तो लख्ख ऊन.

दुसऱ्या वेळी एमेट तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता. साठीला टेकलेला, लांबुडका, तंबाखूने दात पिवळे झालेला माणूस. "बाई, माझं एक काम कर," तो म्हणाला. "उद्यापासून मला घरीच फोन करत जा. म्हणजे वर चढायचाच त्रास नको."

"गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला विचार. तो तुझ्या नावाने बोटं मोडतोय."

ती हसली होती. पण गाडीत बसून, गार हात मांडीवर ठेवून तिला आत्ता वाटत होतं की त्या हसण्यात काहीतरी सैल पडलं होतं. एप्रिलनंतर रडारच्या पडद्यावर लाल ठिपका दिसला की तिच्या मनात आधी एमेटचा गुडघा येई, मग ठिपका. माणूस बहिरा एकदम होत नाही. आधी तो लोकांना त्रास नको म्हणून ऐकेनासा होतो. हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, शहराच्या दक्षिणेच्या वस्तीत, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिने हेच केलं होतं. सासूबाई, ओलेटा त्यांचं नाव, चुलीपाशी द्राक्षाच्या रसात पिठाचे गोळे शिजवत होत्या. घराला तळघर नव्हतं. शेजारच्या प्रुइटांच्या अंगणात जमिनीखाली खोली होती, आणि त्या वसंतात तीनदा भोंगा झाला तेव्हा तिन्ही वेळा सगळे तिथे जाऊन बटाट्याच्या पोत्यांवर बसून आले होते. तिसऱ्या वेळी सासूबाई पायरीवरून घसरल्या, नडगी सोलली, घरी आल्यावर भांडं करपून कोळसा झालेलं. चौथ्या वेळी त्या डाव हलवत म्हणाल्या, "मी नाही यायची. तू पोरीला घेऊन जा. मी न्हाणीत बसते, डोक्यावर उशी घेते." वायनीमा म्हणाली, "आई, चला ना." त्या म्हणाल्या, "अगं, येतंय कुठे काय!" वायनीमा पुन्हा म्हणाली, "आई, चला." त्यांनी मान हलवली. कडेवर तीन वर्षांची टॅलिना रडत होती. सकाळीच पोरीच्या केसांवरून दोघींची बारीकशी खटकाखटकी झाली होती, आणि वायनीमाच्या आवाजात तिचा आंबटपणा अजून शिल्लक होता. ती म्हणाली, "बरं, बसा मग." एवढंच. आणि अंगण ओलांडताना, हे तिने पुढे कित्येक वर्षं स्वतःलासुद्धा सांगितलं नाही, तिला जरा हलकंच वाटलं होतं, की आता म्हातारीच्या चालीने चालायला नको.

रॉइस, तिचा नवरा, तेव्हा तेलविहिरीवर होता. दुसऱ्या दिवशी आला. घराच्या जागी लाल माती आणि न्हाणीचा टब एवढंच होतं, आणि टब रिकामा होता. आईला पुरल्यावर आठवड्याने, शाळेच्या व्यायामशाळेत लोकांनी दिलेल्या खाटांवर बसले असताना, त्याने एकदाच विचारलं, "किती वेळा म्हणालीस तिला?" वायनीमा म्हणाली, "खूपदा." त्याने मान डोलावली. बावीस वर्षं तो त्या उत्तरावर तिच्याबरोबर सुखाने नांदला, आणि हृदय बंद पडून गेला तेव्हाही ते उत्तर घेऊनच गेला. दोनदा आणि खूपदा यांच्यात केवढी दरी आहे हे मोजायला तिच्याकडे तेव्हापासून वेळच वेळ होता.

घरी पोचल्यावर तिने भेंडी धुतली, चिरली, मक्याच्या पिठात घोळवून तळली, आणि टल्सा शहरात परिचारिका असलेल्या टॅलिनाला फोन लावला. "मला आज भोंगा ऐकू आला नाही गं," ती म्हणाली.

"चाचणीचा ना? मला तर वर्षानुवर्षं ऐकू आलेला नाही," टॅलिना म्हणाली. "मम्मा, कान तपासून घे हवं तर. पण त्यावरून एवढा घोर नको लावून घेऊस."

"कानाचं नाही गं."

"मग?"

 वायनीमा म्हणाली, भेंडी करपतेय, ठेवते. मग उभ्या उभ्याच सगळी भेंडी खाल्ली, एकन् एक, आणि खाता खाता तिचं मन घट्ट होत गेलं. दुसरं काही ठरवायचं नव्हतंच. एमेटच्या गुडघ्याचं एमेट बघेल.

मंगळवारी एकाहत्तराव्या मजल्याची स्लॅब ओतायची होती. पहाटेपासून पंप सुरू होता. ओतायला घेतलेली स्लॅब मध्ये थांबवायची नसते. थांबवली की आधीचं काँक्रीट आवळतं, नवं त्याला धरत नाही, सांध्याला भेग राहते, आणि मग झालेलं फोडून पुन्हा करावं लागतं. सगळ्या जगाला हे ठाऊक होतं. एक वाजता पश्चिमेला ढग कोबीच्या गड्ड्यासारखे उभे राहू लागले. वारा दक्षिणेचा, दमट, अंगाला चिकटणारा. दीडला हवामानवाल्यांनी नुसता सावध राहा म्हणून निरोप दिला. तसा निरोप मे महिन्यात दिवसाआड येतो. पावणेदोनला रडारवर पंचेचाळीस मैलांवरच्या एका ढगाने पोटाशी बारीक आकडा वळवला, सोंड धरण्याआधी वळवतो तसा. वायनीमाने खिडकीतून वर पाहिलं. मनोऱ्याचं टोक उन्हात झळकत होतं, आणि त्यावर क्रेनचा पिवळा हात सावकाश फिरत होता. बांधकामाचा व्यवस्थापक ग्रेडी व्होथ तिच्या मागे येऊन उभा राहिला. कान लाल होण्याची त्याला खोड होती, आत्ता ते लालच होते. "अजून तासाभराचं ओतणं राहिलंय," तो म्हणाला. "फक्त एक तास, वायनीमा. पंचेचाळीस मैल आहे ते. वीस मैलांवर आलं की बोलवा ना."

"वीस मैलांवर आल्यावर एमेट शिडीवर असेल."

"येईलच कशावरून?"

"मी कुठे म्हणतेय येईल म्हणून?"

आणि तिने वॉकीटॉकी उचलला. अंगठ्याखाली बटण दाबलं गेलं नाही असा एक क्षण होता. त्या क्षणात तिला उकळत्या द्राक्षरसाचा आंबूस गोड वास आला, इतका ठसठशीत की तिने वळून पाहिलं. मग ती म्हणाली, "सगळे खाली या. पंप बंद. एमेट, हात मोकळा सोड आणि खाली ये."  वरून एमेटचा आवाज आला, "बाई, आभाळ बघितलंस का? इथून कोलोरॅडो दिसतंय!" "खाली ये, एमेट." "ओला माल पडलाय निम्म्या मजल्यावर!" "खाली ये." एक सणसणीत शिवी आली, आणि मग केबिनचं दार उघडल्याचा आवाज.

शंभरावर माणसं तळघरात तास सव्वा तास बसली. या वेळी पत्ते खेळले नाहीत. टोळीचा मुकादम एलिसेओ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता, आणि वर त्याची स्लॅब आवळत चालली होती. ढग शहराच्या बारा मैल उत्तरेने गेला. पोटाशी वळलेला आकडा कुठेतरी वाटेतच सुटला, आणि गव्हाच्या शेतांवर त्याने थोडा पाऊस टाकला. बस्स.

पुढचे दोन दिवस वर काँक्रीट फोडायच्या ब्रेकरचा कडकडाट चालला होता. बुधवारी वायनीमा लिफ्टने एकाहत्तरावर गेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. टोळीने तिला पाहिलं आणि एकेक यंत्र थांबलं. एलिसेओच्या भुवया, मिशा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने हातातला ब्रेकर तिच्यापुढे धरला. "घ्या. तुमचंच आहे. तुम्हीच फोडा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वायनीमा म्हणाली, "कानाला लावायचं दे आधी. आणि चष्मा. तुझ्याही कानाला काही नाहीय, एलिसेओ. परवाच सांगितलं होतं." त्याने निमूट दिलं. तिने पाय रोवले आणि ब्रेकर चालवला. चौपन्न वर्षांच्या खांद्यांना तो धक्का थेट दातांपर्यंत जाणवत होता. अख्खं काँक्रीट अख्खं राहू बघतं. ते फोडायला जोर लागत नाही, चिवटपणा लागतो. वीसेक मिनिटांनी तिच्या बोटांना काही कळेनासं झालं, तेव्हा तिने ब्रेकर त्याच्या हाती परत दिला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एलिसेओ एवढंच म्हणाला, "डावा हात फार घट्ट धरता. उद्या दुखेल." ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. बधिर हात तिने काखेत दाबून धरले. खाली सगळा मुलूख ताटासारखा सपाट पसरला होता. दक्षिणेला एक पट्टा बाकीच्या शहरापेक्षा वेगळा दिसत होता. तिथली झाडं ठेंगणी होती. जमिनीवरून हे कधी कळत नाही. इतर वस्त्यांतले ओक घरांच्या वर गेले होते, आणि त्या एका पट्ट्यातले, सगळे त्या मे महिन्यानंतर एकाच वर्षी लावलेले, अजून छपरांच्या उंचीचे होते. पट्टा नैऋत्येकडून आला होता, दोनदा वळला होता आणि ईशान्येला निघून गेला होता. तिने त्या वळणांतून आपली गल्ली शोधली. सापडली. रॉइस, दोनदाच म्हटलं होतं रे मी, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली की मनात, हे तिला कळलं नाही. मागे ब्रेकर इतका वाजत होता की काही फरकही पडत नव्हता.

गुरुवारी ग्रेडीने तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. इथून पुढे काम थांबवायचं तर तिघांची संमती लागेल. तिची, ग्रेडीची, आणि डॅलसला बसलेल्या एका हवामानतज्ज्ञाची. खाली तिने सही करायची जागा होती. ग्रेडी वाईट माणूस नव्हता. डोळ्याला डोळा लागलेला नाही असं त्याच्याकडे बघून कळत होतं. "कंपनीतले वरचे लोक माझं डोकं खातायत," तो म्हणाला. "असं किती वेळा करणार तुम्ही?"

"दोनदापेक्षा जास्त," वायनीमा म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. ती म्हणाली, "तिघांचं एकमत होईपर्यंत एमेट कुठे असेल?"

"वरच. दुसरीकडे कुठे असणार?"

"मग ही सही त्याची घ्या."

हे तिने चिडून म्हटलं होतं. पण ग्रेडी सरळ माणूस, त्याने खरंच एमेटला बोलावणं पाठवलं. पंचवीस मिनिटांनी एमेट आला. तेवढा वेळ दोघं कॉफी पीत होती, आणि त्या पंचवीस मिनिटांनी तिच्या बाजूने जेवढं सांगितलं तेवढं तिला स्वतःला सांगता आलं नसतं. दाराशी आला तेव्हा एमेट धापा टाकत होता. त्याने उभ्यानेच कागद वाचला, ओठ हलवत, दोनदा. वायनीमाने मनाची तयारी केली. आता हा म्हणेल, बरं झालं, सुटलो एकदाचा.

"या डॅलसवाल्याला मी ओळखत नाही," एमेट म्हणाला.

"ओळखायची काय गरज?" ग्रेडी म्हणाला. "हुशार माणूस आहे."

"असेल. पण हे बघा साहेब, मी वर बसून दिवसभर या बाईला शिव्या घालतो. सकाळी चढताना घालतो, उतरताना घालतो. दुसरं काय आहे करायला वर? आता तीन जणांना शिव्या घालायच्या म्हणजे मला लक्षात नाही राहायचं." त्याने कागद टेबलावर ठेवला. "ही चुकते. सारखी चुकते. पण ही चुकल्यावर मी जेवायला घरी जातो. तो डॅलसवाला एकदाच चुकला तर?" मग वायनीमाकडे न बघताच म्हणाला, "रेडिओवर ही नसेल तर मी चढणार नाही. शोधा दुसरा." आणि गुडघ्याला हात लावत निघून गेला.

वायनीमाने सही केली नाही. ग्रेडीने कागद फाडला नाही, खणात ठेवला. "वर कळवतो," तो म्हणाला. "कदाचित तुमच्या जागी दुसरं कोणी आणा म्हणतील." "म्हणू देत," ती म्हणाली. "तोवर मी आहे." दोन आठवडे ती रोज सकाळी आपलं सामान एका पिशवीत भरून निघेल अशा तयारीत येत होती. काही झालं नाही. मग वरून उत्तर आलं, दोन ओळींचं, की तूर्त आहे तसं चालू द्या. त्याच दुपारी ढग आले, आणि तिने पुन्हा सगळ्यांना खाली बोलावलं. तिचा अंगठा या वेळी अडला नाही. रेडिओवर एमेटने एवढंच विचारलं, "डबा बरोबर आणू की वरच ठेवू?"

मनोरा पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पुरा झाला. तोपर्यंत वायनीमाने एकूण अकरा वेळा काम थांबवलं. दोनदा गारा पडल्या, लिंबाएवढ्या, आणि आवारातल्या ट्रकांच्या काचा गेल्या. एकदा वारा असा सुटला की क्रेन वाऱ्याच्या दिशेला तोंड करून रात्रंदिवस कण्हत राहिली. बाकीच्या वेळी ऊन, किंवा साधा पाऊस. सोंड शहरात एकदाही उतरली नाही. तिला कोणी श्रेय दिलं नाही, आणि देण्यासारखं काही घडलंही नव्हतं. टळलेल्याला कोणी पाहिलेलं नसतं. कधी कधी सकाळी पुलावर तिला वाटे, की आपण फक्त एका म्हातारीपायी शे दीडशे माणसांना दीड वर्ष उगाच तळघरात बसवलं. वाटे, आणि पूल संपेपर्यंत ते वाटून होई, आणि ती गाडी लावून हेल्मेट घाली.

क्रेन उतरवून न्यायच्या दिवशी हवा छान होती. एमेट शेवटचा खाली यायचा होता. वायनीमा वरच्या मजल्यावर, शिडी जिथे संपते तिथे, त्याची वाट बघत थांबली. बऱ्याच वेळाने त्याचे बूट दिसले, मग पाय, मग पाठ. चारपाच पायऱ्या राहिल्या असताना तो दम खायला थांबला आणि मान वळवून म्हणाला, "अकराच्या अकरा वेळा चुकलीस की गं, बाई."

"हो," वायनीमा म्हणाली. "पायाकडे बघ. खालून तिसरी पायरी ओली आहे."